दुसऱ्या बाजूचा उत्तररंग

खोक्यातली पुस्तकं एकेक करून टेबलावर आली आणि तळाशी एक कॅसेट उरली. तिच्या चिठ्ठीवरचं अक्षर माझं होतं. आजचं नव्हे. आजचं माझं अक्षर प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लिहून लिहून पार मुंगीच्या पायांसारखं झालंय. हे एकतीस वर्षांपूर्वीचं, वेलांट्यांना ऐटीत वळण देणारं. ‘अण्णांचं कीर्तन. बाजू एक, पूर्वरंग. बाजू दोन, उत्तररंग.’ कोपऱ्यात ग्रंथालयाचा जांभळा शिक्का आणि क्रमांक सतरा. माझे कान गरम झाले. टेबलापलीकडे ती उभी होती, शिवणवाल्या बाईंची मुलगी, अंगात बसचालकाचं जाकीट, कामावरून तशीच आलेली. दोन महिन्यांपूर्वी आई गेली, आता घर रिकामं करतेय, म्हणून आईची पुस्तकं ग्रंथालयाला द्यायला आली होती. “मावशी, काय झालं?” तिने विचारलं. “कुठे काय,” मी म्हणाले आणि कॅसेट पटकन एका जाडजूड पुस्तकाखाली सरकवली. का, ते मला आजही सांगता येणार नाही. हरवलेली वस्तू सापडली होती तिच्या घरातली आणि चोरासारखी वागत होते मी.

त्या दिवसांत मी इतिहास लिहीत होते. परदेशातल्या आमच्या ह्या मराठी ग्रंथालयाला चाळीस वर्षं होणार म्हणून एक पुस्तिका काढायची ठरली होती आणि कार्यकारिणीने ते काम माझ्या गळ्यात घातलं. “तुम्ही पहिल्यापासून आहात,” असं सगळे फार आदराने म्हणाले; त्याचा अर्थ बाकीचे गेले किंवा परतले, तुम्ही तेवढ्या उरलात. लिहायला बसलं की मला इतिहास काही सुचत नसे, खोल्या सुचत. पहिली खोली आमच्यातल्याच एका दंतवैद्यांच्या दवाखान्यातली, बाहेर थांबायची. तिथे एक फळी आणि तिच्यावर बावीस पुस्तकं. दाढ दुखणारा माणूस गालावर हात धरून पुस्तक उघडायचा आणि त्याचा नंबर लागला की म्हणायचा, “पुढच्याला घ्या हो, माझं एवढं प्रकरण होऊ दे.” पुढे पुढे ज्यांचे दात ठणठणीत होते तेही येऊन बसायला लागले. मग दंतवैद्यांच्या बायकोने एक दिवस सांगितलं, “एक तर दात, नाही तर पुस्तकं. दोन्ही माझ्या सतरंजीवर चालणार नाहीत.” तेव्हा फळी गेली एकाच्या गॅरेजमध्ये आणि गॅरेज गळायला लागल्यावर ह्या शाळेच्या तळघरात. ह्या खोलीला एकच खिडकी आहे, तीही वर छताला लागून, तिच्यातून फक्त रस्त्यावरून जाणाऱ्यांचे घोटे दिसतात. पगारी माणूस आमच्याकडे कधीच नव्हता. शनिवारी ज्याची पाळी असेल त्याने किल्ली आणायची, कुलूप काढायचं, खुर्च्या मांडायच्या. सुटीला घरी जाऊन येणाऱ्याने येताना दोन पुस्तकं आणायची, आणि बॅगेचं वजन वाढलं तर विमानतळावर कपडे काढून ठेवायचे, पुस्तकं नाहीत. पुस्तक उशिरा आणलं तर शिक्षा एकच. टेबलाशी बसून दहा पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची. ग्रंथालयातली सुरुवातीची बरीच कव्हरं ह्याच हिशेबाने खुद्द दंतवैद्यांनी घातलेली आहेत. ती वाकडी असतात, लगेच ओळखू येतात.

आणि कॅसेटी. त्यांचं प्रकरण मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. तेव्हा घरी फोन करणं म्हणजे घड्याळ समोर ठेवून धापा टाकत बोलणं, आणि पत्रात आवाज नसतो. म्हणून आमच्यातली सगळी माणसं कॅसेटवर पत्रं भरून पाठवत. प्रत्येक घरात टेपरेकॉर्डरपाशी कोऱ्या कॅसेटींची चळत असायची. तिकडूनही यायच्या, सासू-सासऱ्यांच्या खोकल्यासकट. अशाच एका खेपेला येणाऱ्या माणसाबरोबर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कीर्तन भरून पाठवलं. अण्णा कीर्तनकार. गावोगाव फिरून चाळीस वर्षं उभे राहिलेले, गळा खरखरीत, पण एकदा झांज वाजली की त्या खरखरीतच असा काही ओलावा यायचा की पुढे बसलेल्या पोरांचीही चुळबुळ थांबायची. सोबत चार ओळींची चिठ्ठी होती. ‘तू लिहिलंस की शनिवारी लोकांना पुस्तकं देत बसतेस आणि तुला स्वतःला वाचायला सवड होत नाही. वाचून मौज वाटली. उत्तररंगात ह्या खेपेला माझी स्वतःची गोष्ट घातली आहे. कोणासाठी, ते ऐकलंस की कळेल.’ पहिली बाजू मी आल्याआल्या ऐकली, पायातले बूटही न काढता. दुसरी ठेवली. लहानपणी पूर्वरंग संपला की मध्ये बुवांच्या गळ्यात हार पडायचा, लोक पाय मोकळे करायचे, बायका पुढे सरकून जागा धरायच्या आणि मी सतरंजीच्या कडेचे दोरे ओढत बसायची, की आता गोष्ट. ती मधली गोडी मला इथेही हवी होती. निवांत दिवस बघून ऐकू, म्हटलं. ते मध्यंतर एकतीस वर्षांचं झालं.

कारण त्याच आठवड्यात दंतवैद्यांनी कॅसेटींचा विभाग काढला. कुणी गाण्यांच्या दिल्या, कुणी भाषणांच्या. माझ्याकडे काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. “दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे,” ते म्हणाले. मी म्हटलं, मी अजून पुरतं ऐकलं नाहीये. तर म्हणाले, “कीर्तन काय एकटीने ऐकायची गोष्ट आहे? तुमचे अण्णा रिकाम्या देवळात उभे राहतील का?” कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकचे दोन बारीक दात असतात. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. ग्रंथालयाच्या प्रत्येक कॅसेटचे दात मोडायचे असा नियम केला होता आणि ते काम माझ्याकडे होतं. “दात काढायचं काम खरं माझं,” दंतवैद्य म्हणाले, “पण तुमचा हात हलका.” सोळा कॅसेटींचे दात मी पेचकसाच्या टोकाने कटाकट उडवले. सतराव्यापाशी हात थांबला. आत अण्णांचा आवाज होता आणि मी वरून पेचकस धरला होता. शिवाय मनात एक खुळी आशा, की पुढच्या सुटीत हीच कॅसेट घेऊन जाईन आणि शेवटी जी जागा उरली असेल तिच्यात अण्णांना आणखी काही म्हणायला लावीन. दात तसेच ठेवले. शिक्का मारला, फळीवर लावली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही.

कॅसेट परत आली नाही. कुणी नेली त्याची नोंद वहीत होती आणि गॅरेज गळलं तेव्हा वहीचा लगदा झाला. मी घरोघर फिरले. लोक कपाटं उघडून दाखवायचे, माझी कीव करायचे. शिवणवाल्या बाईंकडेही गेले होते. तिसऱ्या मजल्यावरची खोली, सगळीकडे लोकांच्या विजारींचे पाय आणि कोटांच्या बाह्या, मशीनच्या पायाशी टोपलीत ही मुलगी झोपलेली. बाईंच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. नाही. मला ती मान आता दिसली, इतक्या वर्षांनी, त्या टाचण्यांसकट. त्यानंतरच्या हिवाळ्यात अण्णा गेले. फोन प्रयोगशाळेत आला. हातात चार नळ्या होत्या, त्यांच्यावर चिठ्ठ्या नीट लावल्या, स्टँडमध्ये ठेवल्या आणि मग स्टुलावर बसले. रजा, तिकीट, कडेवरचं मूल. सगळं आवरून झाल्यावर पोचले. अण्णांच्या खुंटीवर उपरणं होतं, तेवढं हातात धरता आलं. सगळ्यांना विचारत सुटले, त्या कीर्तनाच्या उत्तररंगात काय होतं? भाऊ साथीला पेटीवर बसलेला. तो म्हणाला, “अगं, पेटीवाल्याला सूर आठवतो, गोष्ट नाही.” आई म्हणाली, “फार छान होती गं. सगळे रडले.” काय होती ते मात्र तिला सांगता येईना. तिला वाटायचं, पोरीने ऐकलीच असणार, उगाच आपल्याला बोलतं करतेय. मी ऐकली नाही, पुस्तक द्यावं तशी मी ती लोकांना देऊन टाकली, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. तेव्हापासून कुठेही कीर्तन असलं की मी जाते, कुणाचंही असो. पूर्वरंगात जीव रमतो. मध्ये हार घालायला लोक उठले की माझी बोटं सतरंजीचे दोरे शोधायला लागतात.

शिवणवाल्या बाई मात्र ग्रंथालयात येत राहिल्या. मध्ये वर्षभर दिसल्या नाहीत, मग एका शनिवारी आल्या आणि खुर्ची ओढून कव्हरं घालायला बसल्या. “अहो, तुमचं पुस्तक तर वेळेवर आहे,” मी म्हटलं. “असू द्या,” त्या म्हणाल्या, “हाताला सवय आहे दुमडायची.” मग दर शनिवारी. दहा पुस्तकं, मोजून दहा. कोपरे असे दाबलेले की शिवणीवर इस्त्री फिरवावी. आम्ही आपसांत हसायचो, काय हौस बाईंना. चाळीस वर्षांच्या इतिहासात मी त्यांच्यासाठी एकच ओळ लिहिली होती, ‘काही भगिनींनी निरपेक्षपणे सेवा केली.’ आता टेबलाभोवती बघितलं, तिन्ही भिंतींवर छतापर्यंत खाकी पाठी लागलेल्या होत्या, सरळ, दबलेल्या कोपऱ्यांच्या, आणि मी त्या मोजायला लागले. एका कॅसेटची शिक्षा इतकी वर्षं भोगायची, आणि जिची कॅसेट, तिच्याच डोळ्यांसमोर बसून. मला राग यायला हवा होता. आलाही. पण तो कुणावर काढायचा, तेच कळेना.

“ती कॅसेट दिसली का तुम्हाला?” मुलगी म्हणाली. मी पुस्तक उचललं. लपवण्यासारखं आता काय होतं. “आईने तिला कधी कुणाला हात लावू दिला नाही,” ती म्हणाली. “कपड्यांच्या घड्यांखाली असायची. घर आवरायला काढलं की बाहेर यायची, मग पुन्हा आत. विचारलं की एकच उत्तर. परत करायची आहे. तुम्हाला ठाऊक आहे का काय आहे त्यात?” “माझ्या वडिलांचं कीर्तन आहे,” मी म्हणाले. टोपी काढून टेबलावर ठेवत ती म्हणाली, “मग लावा ना. मला पण ऐकू दे. माझी पुढची फेरी पावणेपाचला आहे.”

खालच्या कपाटात जुना टेपरेकॉर्डर होता. आत धूळ होती. पर्समधला कापूस घेऊन मी ती पुसली, सुई टोचायच्या आधी दंड पुसावा तशी, सवयीने. पहिली बाजू मला पाठ आहे, म्हणून सरळ दुसरी लावली. बटणावर बोट ठेवलं आणि तिथेच राहिलं. वर खिडकीतून कुणाचे तरी घोटे गेले, त्यामागे कुत्र्याचे चार पाय. मला वाटलं, आता अण्णा घसा साफ करतील. पुढे या, पुढे या म्हणतील. ते नेहमी म्हणायचे, पुढे जागा नसली तरी. मग ती गोष्ट, आणि मला कळेल. बासष्ट वर्षांची बाई मी, गोष्टीसाठी पुढे सरकून बसले होते. दाबलं.

“बाबा, नमस्कार. मी बोलतेय. येतोय ना आवाज?”

बाईचा आवाज, तरुण, जरा धाप लागलेला. मागे कुठेतरी नळ गळत होता. मुलीने टेबलाची कड घट्ट धरली. “आई,” ती म्हणाली. मला काही क्षण समजलंच नाही. मी अजून अण्णांचीच वाट बघत होते, ह्या बाई बाजूला झाल्या की मागून ते बोलतील म्हणून. मग समजलं, आणि पेचकस दिसला, आणि सतराव्या कॅसेटचे ते दोन शाबूत दात दिसले.

“इथे सगळं ठीक आहे,” आवाज सांगत होता. “पोरगी आत्ताच निजलीय, म्हणून हळू बोलतेय. तिला दोन दात आलेत, आणि चावते हो बाबा, तुमच्यासारखीच तापट. ” मग भाडं, थंडी, गिऱ्हाइकं, असं वीसेक मिनिटं ती सांगत राहिली. “बरं, एक गंमत. आमच्या ग्रंथालयातून एक कीर्तन आणलंय, काल दोनदा ऐकलं. तुम्ही असता तर डोक्यावर घेऊन नाचला असता. तीच कॅसेट पाठवणार होते, पण ती परत करायची आहे. इथेच आहे बघा माझ्यासमोर, टेबलावर.” टेबलावर तिच्यासमोर जी होती ती कोरी होती; मशीनमध्ये फिरत होती ती आमची. मला हसू फुटलं. “मग म्हटलं, मीच सांगते तुम्हाला गोष्ट. माझ्याने बुवांसारखी नाही व्हायची, सांभाळून घ्या.”

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी टेपरेकॉर्डरवर ओणवी झाले होते, कान लावून.

“एक माणूस असतो, देवळाबाहेर लोकांच्या चपला सांभाळणारा. वर्षानुवर्षं तेच. मान कायम खाली, त्यामुळे त्याला कुणाचं तोंड ठाऊक नाही, पण पाय बघितले की सांगेल, ह्यांचा गुडघा दुखतो, ह्यांच्या घरी काल भांडण झालं. काय बाई बुवांनी रंगवलंय ते! मला तर आमच्याकडे येणाऱ्या विजारीच आठवल्या, माणूस दिसत नाही पण ढोपर कुठे झिजलंय ते दिसतं. तर ह्याने देव म्हणून काही बघितलेलाच नाही. गर्दी सरली की जाईन म्हणायचा, आणि एक ना एक जोडा राहिलेलाच असायचा. तो टाकून जायचं कसं? लोक बाहेर येऊन म्हणायचे, काय रूप दिसलं आज, आणि हा म्हणायचा, हो का, बरं झालं, हा घ्या तुमचा डावा. तर एक दिवस एक म्हातारी त्याच्याजवळ येते. म्हणते, ऊठ रे बाबा, जा आत, मी बसते तुझ्या जागी. तो आधी ऐकेचना. मग उठतो. उंबरा ओलांडतो, गाभाऱ्यापाशी जातो, हात जोडतो आणि बाबा, काय होतं ठाऊक आहे—”

मूल रडायला लागलं. कळवळून, भुकेचं. “आले, आले गं माझी बाय,” खुर्ची सरकली आणि खट्कन बटण बंद झाल्याचा आवाज आला.

त्या आवाजापाठोपाठ, श्वास घ्यायलाही मध्ये जागा न सोडता, अण्णा म्हणाले, “—एवढंच. बाकी ज्याने त्याने घरी जाऊन बघावं.” आणि झांज पडली, पेटी उसळली, भाऊच असणार, आणि नामाचा गजर सुरू झाला. अण्णांचा तो खरखरीत गळा सगळ्यांच्या वर, नंतर सगळ्यांच्या खाली, नंतर सगळ्यांत मिसळून. त्यात कुठेतरी माझी आईही असेल, टाळ्या वाजवत. जेमतेम दोन मिनिटं. मग नुसती फीत फिरण्याची सुरसुर राहिली आणि शेवटी तीही थांबली.

मुलगी डोळे पुसत होती, बाहीने, बसच्या जाकिटाच्या. “पाठवलं नाही तिने,” ती म्हणाली. “आजोबा आजारी आहेत म्हणून तार आली होती, मला घेऊन ती गेली. पोचलो त्याच्या आदल्या दिवशी ते गेले.” मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ती म्हणाली, “ते रडणारं बाळ म्हणजे मी?” “तूच,” मी म्हणाले. “म्हणजे तुमच्या वडिलांची गोष्ट आम्ही मायलेकींनी मिळून पुसली.” “पुसली तुझ्या आईने. आणि तिला तसं करता आलं, कारण त्या कॅसेटचे दात मी मोडले नव्हते,” मी म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, आणि म्हटल्यावर छत काही कोसळलं नाही. “तू रडलीस म्हणून ती थांबली. नाही तर आत्ता ऐकलं तेवढंही राहिलं नसतं.”

तिने घड्याळ बघितलं, टोपी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. “मग? तो आत गेला, हात जोडले. पुढे?”

मला ठाऊक नव्हतं. जगात आता कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्या दोघांना ती सांगता आली असती, अण्णा आणि तिची आई, ते दोघंही गेले होते. हे तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि निघालं ते वेगळंच. “पुढे या,” मी म्हणाले, त्या खोलीत ती एकटीच होती तरी. ती खुर्ची ओढून पुढे बसली. “तो उभा राहिला. पण मान वर करायची त्याला सवयच नव्हती. जन्मभर खाली बघितलेलं. त्यामुळे मुकुट नाही दिसला, तोंड नाही दिसलं. समोर फक्त दोन पाय दिसले. आणि तो तर पाय ओळखणारा माणूस. बघत राहिला. टाचेला भेग, अंगठ्यापाशी घट्टा. म्हणाला, अरेच्चा, हे होय! हे तर रोज येतात.”

माझा आवाज खरखरीत झाला होता. मी थांबले.

“आणि तोंड?” तिने विचारलं. “ते बघितलंच नाही त्याने?”

“नाही,” मी म्हणाले. “बाहेर ती म्हातारी बसली होती ना, तिला फार वेळ ताटकळत ठेवायला नको म्हणून तो लगेच परत गेला.”